ऐकू येतं, पण समजत नाही!

मिनी प्रोजेक्टच्या यादीत एक विषय दरवर्षी न चुकता असतो – 'लो कॉस्ट हिअरिंग एड'. एक कंडेन्सर माइक, दोन-तीन ट्रान्झिस्टर, आवाज कमी-जास्त करायला एक पॉट, इअरफोन आणि सेल. सगळा माल तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतो. ओरलच्या दिवशी एक्स्टर्नल सर इअरफोन कानाला लावतात, आपण माइकजवळ टिचकी वाजवतो, सर दचकतात आणि प्रोजेक्ट पास!

ॲम्प्लिफायर कसा बांधायचा हे शिकायला तो प्रोजेक्ट चांगलाच आहे. पण तीच डबी खरोखर कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या हातात दिली, तर तो दहा मिनिटांत ती काढून ठेवेल, आणि तेही वैतागून. का? सेमिनारला हा विषय घेतला तेव्हा मी याच प्रश्नाच्या मागे लागलो, कारण असं काढून ठेवलेलं एक मशीन आमच्या घरातच कपाटात पडून होतं.

माझे आजोबा एका कारखान्यात प्रेस शॉपला होते, एकतीस वर्षं. त्यांची तक्रार एका वाक्याची : "ऐकू येतं रे मला, समजत नाही." आजी स्वयंपाकघरातून काही म्हणाली की ते म्हणणार, "जरा मोठ्यानं बोल." ती मोठ्यानं बोलली की लगेच, "अगं, ओरडतेस कशाला?" घरात सगळ्यांना वाटायचं, हा म्हातारपणाचा हट्टीपणा. पण मित्रांनो, या दोन वाक्यांत त्यांच्या कानाचं अख्खं ट्रान्सफर फंक्शन आहे. ते कसं, ते पाहू.

कान नावाचं इन्स्ट्रुमेंट

डेसिबल आपण सगळ्यांनी बोडे प्लॉटच्या निमित्तानं पाठ केलेला असतो. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे हवेच्या दाबातला सुमारे २० मायक्रोपास्कलचा चढउतार. त्याला शून्य डेसिबल धरतात. समोरासमोर बसून गप्पा मारताना साधारण ६० डेसिबल, म्हणजे दाब हजार पट. १२० च्या आसपास कान दुखायला लागतो. तिथे दाब दहा लाख पट झालेला असतो आणि पॉवरच्या हिशोबात हे गुणोत्तर एक लाख कोटी पट होतं. एवढी रेंज एकाच सेन्सरमध्ये, आणि रेंजचं बटण कुठेही फिरवायचं नाही! आपल्या लॅबमधल्या मल्टिमीटरची नुसती कीव येते.

हे जमतं कसं? बाहेरचा कान म्हणजे नुसतं चष्मा अडकवायचं हूक नव्हे. कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडद्यानं बंद. फर्स्ट इयरच्या फिजिक्समधली क्वार्टर वेव्ह आठवा : ३४० भागिले (४ गुणिले ०.०२५) म्हणजे ३४०० हर्ट्झ. या फ्रीक्वेन्सीच्या आसपास नळी स्वतःच आवाज दहा-पंधरा डेसिबलनं वाढवते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पडद्याच्या आत तीन इवलीशी हाडं – हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब हे आपल्या शरीरातलं सगळ्यात छोटं हाड. यांचं काम शुद्ध इलेक्ट्रिकलवाल्यांचं आहे : इम्पिडन्स मॅचिंग. आतल्या कानात द्रव आहे, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्याची सुमारे ९९.९ टक्के ऊर्जा परत फिरते, म्हणजे ३० डेसिबलचा तोटा. मोठ्या पडद्यावरचा दाब छोट्या खिडकीवर एकवटून आणि हाडांच्या तरफेचा फायदा घेऊन कान तो बहुतेक सगळा भरून काढतो. थोडक्यात, ट्रान्सफॉर्मर.

आणि मग कॉक्लिया, म्हणजे कानातला शंख. अडीच वेढ्यांची गोगलगायीसारखी नळी, उलगडली तर सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्यात लांबीभर एक पडदा आहे. त्याची सुरुवात उंच फ्रीक्वेन्सीला हलते आणि शेवटचं टोक खालच्या फ्रीक्वेन्सीला. म्हणजे निसर्गानं बांधलेली फिल्टर बँक! हे शोधून काढणारा माणूस डॉक्टर नव्हता हे वाचून मला फार बरं वाटलं. गेऑर्ग फॉन बेकेशी हा पदार्थवैज्ञानिक हंगेरीच्या पोस्ट खात्याच्या टेलिफोन प्रयोगशाळेत काम करत होता. टेलिफोन सुधारायचा तर पलीकडचा रिसीव्हर, म्हणजे माणसाचा कान, कळायला हवा, इथून तो या विषयात शिरला. १९६१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

या पडद्यावर केसपेशींच्या रांगा असतात. आतली रांग एक, सुमारे साडेतीन हजार पेशींची. ती मेंदूला सिग्नल पाठवते. बाहेरच्या रांगा तीन, मिळून सुमारे बारा हजार पेशी. त्या काय करतात हे बरीच वर्षं नीट कळलेलं नव्हतं. १९४८ मध्ये थॉमस गोल्डनं तर्क मांडला की कानात कुठेतरी ॲक्टिव्ह ॲम्प्लिफायर असलाच पाहिजे. तो तेव्हा फारसा कुणी मनावर घेतला नाही. १९७८ मध्ये डेव्हिड केम्पनं कानाच्या नळीत बारीक माइक ठेवून दाखवलं की निरोगी कान स्वतः हलकासा आवाज बाहेर टाकतो. पॅसिव्ह सर्किट असं करत नाही. आज नवजात बाळांची ओएई तपासणी होते ती याच तत्त्वावर.

तर बाहेरच्या पेशी हा ॲम्प्लिफायर. पण कसला? हलका आवाज त्या ४० ते ६० डेसिबलनं उचलतात, आणि मोठा आवाज आला की हात आखडता घेतात, तो जवळपास तसाच पुढे जातो. म्हणजे हा ऑटोमॅटिक गेन कंट्रोल आहे, जन्मापासून बसवलेला. वय, कारखान्याचा आवाज, काही औषधं यांनी आधी बहुतेक याच पेशी मरतात. माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता आजोबांकडे या. त्यांच्या रिपोर्टवर २००० हर्ट्झला आकडा ६० आहे : त्याच्या खालचा आवाज त्यांना ऐकूच येत नाही. पण त्रास व्हायला लागतो ती वरची मर्यादा कुठे गेली? कुठेच नाही. ती आपल्यासारखीच, शंभरच्या आसपास. जिथे आपल्याला १०० डेसिबलचं अंगण आहे तिथे त्यांना ४० ची खिडकी उरली. आजीचं साधं बोलणं खिडकीच्या उंबऱ्याशी अडतं आणि चढा आवाज एकदम छताला टेकतो. "मोठ्यानं बोल" आणि "ओरडू नकोस" ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी शंभर टक्के खरी आहेत.

यावर आपली मिनी प्रोजेक्टची डबी लावा. समजा गेन सरसकट ४० डेसिबल. कुजबुज ३० ची ७० झाली, छान. गप्पा ६० च्या १०० झाल्या, नकोशा. आणि कुकरची शिट्टी किंवा हातातून निसटलेलं स्टीलचं ताट ८५ वरून १२५! माणूस मशीन भिंतीवर फेकत नाही हाच त्याचा मोठेपणा.

कोणता बहिरेपणा?

सगळेच कान असे नसतात. बिघाड नळीत, पडद्यात किंवा त्या तीन हाडांत असेल तर तो वहनातला दोष. साधा मळ साचलेला असतो, पडद्याला भोक असतं, कान वाहत असतो, किंवा रिकीब घट्ट बसून हलेनाशी होते. शंख शाबूत असतो, नुसती केबल खराब. असा माणूस मोठ्यानं बोललं की स्वच्छ ऐकतो, आणि बऱ्याच वेळा औषधानं किंवा ऑपरेशननं बरा होतो. म्हणून मशीनच्या दुकानाआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. मळ काढायचं काम असताना मशीन विकलं गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. (आणि तो मळ हेअरपिनीनं, किल्लीनं, रिफिलनं काढायचा नाही. हॉस्टेलवाल्यांनो, तुम्हालाच सांगतोय.)

बिघाड शंखात किंवा पुढच्या नसेत असेल तर तो संवेदनातला दोष, आजोबांचा हाच. वय आणि गोंगाट ही नेहमीची कारणं, पण स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिनसारखी औषधं, कॅन्सरवरचं सिसप्लाटिन, गालगुंड, मेंदूज्वर ही पण आहेत. दोन्ही दोष एकत्रही असू शकतात.

दोन गोष्टी मात्र थांबणाऱ्या नाहीत. एका कानाचं ऐकू येणं एक-दोन दिवसांत अचानक गेलं, तर ती इमर्जन्सी आहे. 'सर्दीनं दडे बसले असतील' म्हणून आठवडे घालवू नयेत. उपचाराचा उपयोग होतो तो पहिल्या काही दिवसांत. दुसरी गोष्ट तान्ह्या बाळांची. तपासणी महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांपर्यंत आणि मशीन किंवा इतर उपाय सहा महिन्यांपर्यंत, असा नियम जगभर सांगतात. 'आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात' या वाक्यानं जेवढी मुलं मागे पडली असतील तेवढी दुसऱ्या कशानं नसतील.

साप, ताप, थाप

ऑडिओमेट्रीत एका बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत एकेक सूर हलका हलका करत नेतात आणि ऐकू आला की बटण दाबायचं. मग हाडावर एक कंपक ठेवून पुन्हा. हवेतून कमी पण हाडातून चांगलं ऐकू आलं तर दोष वहनातला. दोन्हीकडून सारखंच कमी तर शंखातला. किती सुंदर फॉल्ट फाइंडिंग आहे हे! त्याचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. यात वाय अक्ष उलटा असतो, खाली जाल तसं नुकसान जास्त. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या.

आजोबांच्या उजव्या कानाचे आकडे असे : ५०० ला २०, १००० ला २५, २००० ला ४५ (डाव्याला ६०, वर घेतला तो), ४००० ला ७०. घसरगुंडीच म्हणा ना. रिपोर्टच्या तळाला सरासरी लिहितात. ती पहिल्या तीन आकड्यांची काढली तर येते ३०, चौथा धरला तर ४०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वर्गवारीत २० ते ३५ म्हणजे सौम्य आणि ३५ ते ५० म्हणजे मध्यम. कान तोच, माणूस तोच. एका आकड्यानं वर्ग बदलला. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : सरासरी वाचू नका, आलेख पाहा. 'तीस टक्के बहिरेपणा' असं काही नसतं. डेसिबल म्हणजे टक्के नव्हेत.

४००० लाच खड्डा का? आता तो ३४०० वाला आकडा काढा. नळीच नेमका तिथला आवाज वाढवून आत पाठवते आणि इजा त्याच्या जरा वरच्या फ्रीक्वेन्सीला होते. यंत्रांच्या गोंगाटात राबलेल्या कानाची ही ठरलेली खूण आहे.

आणि या घसरगुंडीचा भाषेवर काय परिणाम होतो? साप, ताप, थाप, शाप, काप हे शब्द म्हणून पाहा. सगळ्यांत 'आप' तोच. 'आ'ची ताकद हजार हर्ट्झच्या आसपास, आणि तो चांगला दणदणीत असतो. अर्थ ठरवणारं पहिलं व्यंजन मात्र स्वरापेक्षा वीस-तीस डेसिबलनं हलकं आणि फ्रीक्वेन्सीनं बरंच वर. 'स' तर चार हजाराच्याही पलीकडे. आजोबांना पाचही वेळा 'आप' स्पष्ट ऐकू येतो. कुणीतरी बोललं हे समजतं, किती जोरात तेही समजतं; साप म्हणाला की ताप, ते नाही. स्वर आवाज देतात, व्यंजनं अर्थ देतात. 'ऐकू येतं पण समजत नाही' याचा शब्दशः अर्थ हा असा.

याचा थोडासा अनुभव आपल्यालाही आहे. साधी टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झच नेते. म्हणून तर नाव सांगताना आपण 'स, सांगलीचा स' म्हणतो.

चेहरा दिसत असेल तर ओठांवरून बरंच भरून निघतं. म्हणून आजोबा समोर बसून नीट बोलतात आणि पाठमोऱ्या हाकेला उत्तर देत नाहीत. त्यावरून 'यांना हवं तेवढंच ऐकू येतं' हा टोमणा आपल्या घराघरांत तयार असतो. तो टोमणा ऐकून घेण्यापेक्षा माणूस हळूहळू बोलणंच सोडतो, लग्नकार्यात कोपऱ्यात बसतो, आणि 'हो हो' म्हणून मान डोलावतो. २०२० मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगानं स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मध्यम वयातला बहिरेपणा बराच वर ठेवला. मशीन लावून तो धोका कितपत घटतो यावर अजून संशोधन चालू आहे. पण न समजल्यामुळे एकटं पडणं हे काही संशोधनासाठी थांबलेलं नाही.

मशीनच्या आत

ट्रान्झिस्टर नावाची गोष्ट सामान्य माणसाच्या खिशात पहिल्यांदा आली ती रेडिओतून नव्हे, कानाच्या मशीनमधून. १९५२ च्या अखेरीस सोनोटोन कंपनीच्या मशीनमध्ये दोन व्हॅक्यूम ट्यूब आणि एक ट्रान्झिस्टर होता. अलेक्झांडर ग्रॅहम बेलची बहिऱ्यांविषयीची आस्था स्मरून बेल कंपनीनं कानाच्या मशीनसाठी ट्रान्झिस्टरच्या पेटंटची रॉयल्टी माफ केली होती. पूर्ण डिजिटल मशीन बाजारात आलं ते १९९६ मध्ये, वायडेक्स आणि ओटिकॉन या डॅनिश कंपन्यांकडून.

आजचं मशीन म्हणजे कानामागे बसलेला डीएसपीचा अख्खा सिलॅबस. माइकचा सिग्नल डिजिटल करायचा, फिल्टर बँकेनं वेगवेगळ्या बँडमध्ये फोडायचा, प्रत्येक बँडला त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे वेगळा गेन द्यायचा आणि पुन्हा जोडायचा. हा गेनही स्थिर नाही. हलक्या आवाजाला जास्त, मोठ्याला कमी. आजोबांच्या डाव्या कानात २००० हर्ट्झला शंभराचं अंगण चाळीसच्या खिडकीत बसवायचं आहे. १०० भागिले ४०, कॉम्प्रेशन रेशो अडीचास एक. म्हणजे मेलेल्या बाहेरच्या पेशींचं काम आता चिप करते. मशीन आणि डबी यांच्यातला खरा फरक हा. एकात ॲम्प्लिफायर आहे, दुसऱ्यात त्या माणसाचा ऑडिओग्राम आहे.

हे सगळं काही मिलिसेकंदांत व्हावं लागतं. उशीर दहा मिलिसेकंदांच्या पुढे गेला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटू लागतो, आणि तो आणखी बराच वाढला की समोरच्याचे ओठ आणि शब्द जुळेनासे होतात. मोबाइलवर ॲप टाकून साध्या ब्लूटूथ इअरफोननं ऐकायचा प्रयोग फसतो तो बहुधा इथेच, कारण तिथे उशीर शंभर मिलिसेकंदांच्याही वर जातो.

शिट्टीबद्दल थोडं. मशीन कुंईऽ करून वाजतं ते खराब झालंय म्हणून नव्हे. रिसीव्हरचा आवाज फटीतून माइककडे परत येतो, लूप गेन एक झाला, फेज जुळली, की बार्कहाउसेनच्या नियमाप्रमाणे आपला ऑसिलेटर तयार! कानाचा साचा सैल असेल किंवा नळीत मळ असेल तर हे होतं. नवीन मशीन उलट्या फेजचा सिग्नल मिसळून ती दाबतात, पण साचा नीट बसवणं हा पहिला उपाय.

गोंगाटाचं मात्र पूर्ण उत्तर कुठल्याही मशीनकडे नाही, हे विकणारे सांगत नाहीत. दोन माइक सुमारे बारा मिलिमीटर अंतरावर ठेवले तर समोरून आलेला आवाज दुसऱ्यापर्यंत ३५ मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. तेवढा डिले लावून मागचा आवाज वजा करता येतो. याचा उपयोग होतो, पण हॉलमध्ये चारही बाजूंनी बोलणं चालू असेल तर वजा तरी काय करणार? शिवाय आतल्या पेशी आणि नस यांचं नुकसान झालं असेल तर सिग्नलची स्पष्टताच गेलेली असते. तिथे सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जवळ जाऊन बोलणं. मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की सहा डेसिबल फुकट मिळतात.

घ्यायचं कोणतं?

आमच्या घरातलं कपाटातलं मशीन एका दुकानात, तपासणी न करता, "हे लावून बघा, कसं वाटतं?" असं म्हणून विकलेलं होतं. दुकानाच्या शांततेत सगळ्यांनाच छान वाटतं. म्हणून पहिली अट : नवा ऑडिओग्राम, आणि बीएएसएलपी किंवा त्यापुढचं शिकलेला ऑडिओलॉजिस्ट. चष्म्याचा नंबर न काढता आपण भिंगं विकत घेतो का? अमेरिकेत २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोष असलेल्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय मशीन घेता येतं हे खरं आहे, पण तीही ठरावीक मानकांत बसणारी मशीन आहेत, रस्त्यावरची 'साऊंड ॲम्प्लिफायर' नव्हेत.

आकाराचा मोह सगळ्यांना असतो. "दिसणार नाही असं द्या" ही पहिली मागणी. नळीत पूर्ण आत बसणारं मशीन छान दिसतं, पण त्याची ताकद कमी, सेल सगळ्यात बारीक, मळ आणि घाम थेट आत, आणि दोन माइकना जागाच नाही. ज्या बोटांना शर्टाची गुंडी लावायला वेळ लागतो ती तो सेल कसा बदलणार? आजोबांसारखी घसरगुंडी असेल, म्हणजे खालच्या फ्रीक्वेन्सी बऱ्या, तर कानामागचं मशीन आणि नळीत बारीक वायरवरचा रिसीव्हर, हा प्रकार मला सगळ्यात समजूतदार वाटतो. त्याला पूर्ण साचा लागत नाही, छिद्रं असलेली मऊ टोपी पुरते. कान बंद केला तर स्वतःचाच आवाज विहिरीत बोलल्यासारखा येतो आणि माणूस मशीन काढतो. दोष तीव्र असेल तर मात्र कानामागचं ताकदवान मशीन आणि घट्ट साचाच हवा. कान वाहत असेल तर तो कोंडणारं काही नको; हाडातून ऐकवणारी मशीन असतात, ती डॉक्टर ठरवतील. आणि मशीनच्याही पलीकडे गेलेल्या कानांसाठी कॉक्लियर इम्प्लांट आहे, तो वेगळ्या लेखाचा विषय.

दोन्ही कानांना दोष असेल तर शक्यतो दोन मशीन. आवाज कुठून आला हे मेंदू दोन कानांतल्या एक मिलिसेकंदापेक्षाही कमी फरकावरून ओळखतो. रस्ता ओलांडताना हॉर्न कुठल्या बाजूचा हे कळणं ही चैन नव्हे. पैसे कमी असतील तर एका महागड्यापेक्षा दोन साधी घ्यावीत असं मी म्हणेन. किमती काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात, आणि फरक असतो तो चॅनेलच्या संख्येत, ब्लूटूथमध्ये, गोंगाटाच्या प्रोग्रॅममध्ये. मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स यांच्या गटानं २०१४ मध्ये सौम्य ते मध्यम दोषाच्या ज्येष्ठांना महागडी आणि साधी दोन्ही मशीन काही आठवडे वापरायला दिली. दोन्हींचा चांगला फायदा झाला. महागडीचा वेगळा असा फायदा सिद्ध झाला नाही. अर्थात दोन्ही नीट बसवून दिलेली होती. ग्यानबाची मेख तिथेच आहे.

म्हणून दुकानात चॅनेल मोजण्याऐवजी विचारा : नळीत बारीक प्रोब माइक घालून पडद्याजवळचा आवाज मोजून दाखवता का? कॉम्प्युटरवरचा आलेख सरासरी कानाचा असतो, प्रत्यक्ष नळीत कित्येक डेसिबलचा फरक पडतो. आउटपुट न मोजता सर्किट सबमिट केलं तर आपले सर घेतात का? ट्रायल किती दिवस, पुन्हा ट्यूनिंगचे पैसे घेणार का, आणि लिहून दिलेली वॉरंटी किती, हेही आधीच ठरवावं.

सरकारी वाट विसरू नका. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही तपासणी होते. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना केंद्राच्या एडिप योजनेतून मशीन मिळतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, आणि २०१६ च्या कायद्यात त्यासाठी दोन्ही कानांत ६० डेसिबल ही किमान रेषा आहे. आजोबांसारखे कितीतरी लोक रोजच्या व्यवहारात अडतात, पण या रेषेच्या अलीकडेच राहतात.

आपलं काय?

प्रेस शॉप आपल्या वाट्याला अजून आलेलं नाही, पण ढोल-ताशा पथकात निम्मं कॉलेज आहे. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब असा : ८५ डेसिबलला दिवसाला आठ तास, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी. करत जा, १०० ला पंधरा मिनिटं उरतात. ताशाच्या शेजारी शंभर सहज ओलांडले जातात आणि सराव दीड-दोन महिने चालतो. कापसाच्या बोळ्यानं फारसं काही अडत नाही. फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात आणि चुरगाळून नीट आत बसवले तर वीसेक डेसिबल सहज कमी करतात. वादनानंतर कानात रात्रभर गुंईऽ आवाज राहत असेल तर ती थकव्याची नव्हे, पेशींवर आलेल्या ताणाची खूण आहे.

वापरताना

आजोबांना रीतसर बसवून दिलेलं मशीन मिळालं, तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांना पंख्याची घरघर, पेपरची फडफड आणि नळाच्या पाण्याचा फार त्रास झाला. हे आवाज त्यांच्या मेंदूनं कित्येक वर्षांत ऐकलेलेच नव्हते. सवय व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात. सुरुवात दिवसाला दोन तास, घरात, एका माणसाशी बोलताना करावी. थेट लग्नाच्या हॉलमध्ये नको. तिथे ते अजूनही मशीन बंद करतात, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

झिंक-एअर सेल वापरत असाल तर त्यावरचं रंगीत स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच मशीनमध्ये घाला. हवेतला ऑक्सिजन हाच त्याचा अर्धा सेल आहे. एकदा स्टिकर काढलं की वापरा नाहीतर ठेवा, तो संपतच जातो. परत चिकटवून फारसं वाचत नाही. रंगावरून साइज ओळखता येते : पिवळा १०, तपकिरी ३१२, केशरी १३, निळा ६७५. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात दमटपणानं मशीन मरतात, तेव्हा रात्री सेलचं दार उघडून सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावं. रिसीव्हरच्या तोंडाची जाळी मऊ ब्रशनं रोज सकाळी झाडावी. रात्री झाडली तर मळ ओला असतो आणि आतच जातो.